कडू घास एकदाच

रिबकाबाई,

तुला शिकवलं कुणी, असं विचारलं की मी तुमचं नाव सांगतो. मग लोक विचारतात, कुठल्या शाळेत होत्या त्या? कुठल्याच नाही. तुम्ही आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. खांद्याला कापडी पिशवी अडकवून माढा, मंगळवेढा, सांगोला या बाजूची गावं पायी फिरायचात, बायकांना अक्षरं आणि गीतं शिकवायचात, आणि एखाद्या घरात मॅट्रिक होऊन नुसता बसलेला मुलगा दिसला की त्या दारात ठाण मांडायचात. माढ्याला आमच्या दारात तुम्ही ओळीनं तीन दिवस येऊन बसलात. वडील मेंढरं घेऊन जायचे, परत यायचे, तुम्ही तिथंच. वाद घातला नाहीत, उपदेश केला नाहीत. तिसऱ्या दिवशी वडीलच म्हणाले, "न्या बाई त्याला कालेजात. तुमी हितं बसून बसून आमालाच लाज वाटाय लागलीया."

कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज तुम्ही माझ्याकडून सात वेळा लिहून घेतलात. सहा वेळा फाडलात. "अर्जात रडायचं नाही," तुम्ही म्हणालात. "काय पाहिजे ते लिहायचं आणि खाली नाव घालायचं." बी.ए.च्या तीन वर्षांत मी पुष्कळ शिकलो, पण त्या फाडलेल्या सहा कागदांइतकं नाही.

गेल्या आठवड्यात तुम्हाला मातीत ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीहून सोनाबाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठलं. तुमच्या पुढच्या खोलीत तुमची भाची, मंडळीचे पंच सायलूअण्णा, मी आणि मंडळीतली दहा-पंधरा माणसं बसली होती. सोनाबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. भाकरी मोडली आणि एकेकाच्या हातावर ठेवत गेल्या. सायलूअण्णांजवळ आल्यावर म्हणाल्या, "घ्या अण्णा. बाईचा कडू घास हाय. एकदाच मिळनार हाय, मागून मागू नगा."

सायलूअण्णा रडता रडता हसले. मीही हसलो. नवीन माणसांना ते बरं वाटलं नसावं. आम्ही का हसलो ते त्यांना कळावं म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला यातलं बहुतेक माहीत आहे. जे माहीत नाही, जे मी सांगायचं टाळलं, तेही मध्येच येईल.

घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारी, भावकी भाकरी-पिठलं करून आणतात आणि दुःखातल्या माणसाला दोन घास बळंच खायला लावतात. त्याला आपल्याकडे कडू घास म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला, पण ही रीत सोडली नाही. माझी चूक याच रीतीत झाली. माझी एकट्याची नव्हे, अख्ख्या सोलापूरच्या मंडळीची.

वाडीचं नाव मी लिहीत नाही. एकदा आपल्या मासिकासाठी मी तिथल्या हल्ल्यावर लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून कागद घेऊन नाव खोडलं होतंत. "गाव म्हणजे काय ती वीस माणसं आहेत का?" तुम्ही म्हणालात. "नाव छापलंस की सगळ्या गावाला चिकटतं ते. बाळंतिणीलासुद्धा." म्हणून सांगोल्याच्या पुढची वाडी, एवढंच.

दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गावाच्या कडेला आपल्या लोकांची अकरा घरं, आम्ही वाडी म्हणायचो ती त्यांनाच. पत्र्याचं प्रार्थनाघर, आठवडाभर त्यातच शाळा भरायची, आणि आवारात त्यांनी स्वतः खणलेली विहीर. गावच्या विहिरी तळाला गेल्या, हिला पाणी राहिलं. गाव पाण्याला येऊ लागलं आणि वाडीनं भरू दिलं. मग आधी कुणी भरायचं यावरून कुरबुर सुरू झाली. त्या कुरबुरीतून एका रविवारी, उपासना चालू असताना, वीसेक माणसं काठ्या घेऊन आवारात शिरली. सोनाबाईंचे मालक याकोबा दारात आडवे उभे राहिले. "आत बायकापोरं हायती," एवढंच ते म्हणाले असं सगळे सांगतात. शाळा चालवणारे आणि उपासना घेणारे शांतवन मास्तर, त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. छपराचे पत्रे उचकटले, विहिरीचा रहाट तोडला. याकोबा सोलापूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी वारले. त्यांना वाडीतच पुरलं.

वाडीची मंडळी ही आमची बहीण-मंडळी. म्हणजे काय, तर कापणीच्या सणाला ते धान्य घेऊन आमच्याकडे यायचे आणि नाताळच्या आठवड्यात आमचे गाणारे तिकडे जायचे. यापलीकडे आमची ओळख नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्या रविवारी आम्ही ट्रक भरून गेलो. घराघरातून भाकरी आल्या होत्या, दोन हंडे आमटी होती. ते बरोबरच होतं, तुम्हीही स्वतः पिठलं केलं होतंत. पण मी पेटीही घेतली होती. बारा जणांचं गायन बसवलं होतं, एक गीत चार आवाजांत होतं. गीतांचे कागद सायक्लोस्टाइल करून आणले होते आणि खाली 'सांत्वनाची उपासना' असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. आपल्याकडच्या मंडळीला गाण्याचा किती अभिमान, तुम्हाला माहीत आहे. आम्ही मन लावून गायलो. पाळकसाहेबांनी सुंदर उपदेश केला. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. पुन्हा भाकरी, पुन्हा पेटी, नवीन गीतं.

दुसऱ्या रविवारी परतताना आपण एस.टी.त शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "बाई, कार्यक्रम चांगला झाला ना?"

"कार्यक्रम," तुम्ही म्हणालात. "हो. पेटी छान वाजवतोस तू."

मंगळवेढ्याला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि तुम्ही विचारलंत, "आज वाडीचं कोण कोण गायलं?"

मी आठवून पाहिलं. कुणीच नाही. "त्यांना दुःख झालंय बाई. ती कशी गातील?"

"बसायला जागा तरी होती का त्यांना? सतरंजीवर आपण. ते भिंतीला टेकून उभे, निम्मे दाराबाहेर. घर त्यांचं, मेलेलं माणूस त्यांचं, आणि पाहुणे पण तेच झाले." मग म्हणालात, "सोनाबाईच्या ताटात आपल्या बायका वाढत होत्या. खा गं, खा गं. ती मान खाली घालून खात होती. तू बघितलंस का?"

मी तेव्हा पेटीचा भाता आवरत होतो. मी बघितलं नव्हतं.

त्या आठवड्यात चर्चमध्ये पंचांची बैठक झाली. बहुतेकांचं मत पडलं की वाडीच्या अकरा घरांना सोलापुरात आणावं. पुरुषांना मागावर काम लागेल, मुलं बोर्डिंगात राहतील, बायकांना विड्या वळता येतील. मीही त्याच मताचा होतो. कुणाला कुठं ठेवायचं याचा तक्ताच करून आणला होता, लाल रेघा मारून. प्रश्न एकच होता. वाडीची मंडळी वाडीत राहणार की मोडणार. आणि मला वाटत होतं, मोडली तरी माणसं जिवंत राहतील.

तुम्ही तक्ता नीट वाचलात. "अक्षर सुरेख आहे," म्हणालात. "यात त्यांनी कुठं सांगितलंय, आम्ही येतो म्हणून?"

"विचारू की बाई."

"कधी विचारणार? आपण तिथं गेल्यापासून त्यांना बोलायला फुरसत कुठं दिलीय?"

मग तुम्ही तुमचं म्हणणं मांडलंत आणि बैठकीत गोंधळ उडाला. दर रविवारी सोलापुरातली फक्त दोन घरं वाडीला जातील, पाळीनं. पेटी नाही, गायन नाही, उपदेश नाही. जाऊन मागे बसायचं. उपासना वाडीचे लोक घेतील. आणि जेवायचं ते वाडीच्या घरात, ते वाढतील ते.

मी उठून उभा राहिलो. आजही ते आठवलं की कान गरम होतात. मी म्हणालो, "बाई, ती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतात. सरकारी सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन जगतात. आपण चांगल्या घरचे लोक जाऊन त्यांच्या तोंडचा घास काढायचा? हे सांत्वन आहे?"

तुम्ही रागावलात की कानडीत जायचात, अक्कलकोटकडचं माहेर वर यायचं. तेव्हा मात्र सावकाश मराठीत बोललात. "धान्य पोत्यानं पाठवा. मास्तरांच्या घरी मुकाट्यानं उतरवा, ते आपसात वाटून घेतील. पण ताटात वाढायचं काम त्यांचं. दानियल, कडू घास एकदाच द्यायचा असतो. दर आठवड्याला दिला की माणूस दुःखातनं उठत नाही. हात पुढं करायला शिकतो."

सायलूअण्णा खाकरले. घरी तेलुगू, मागावर मराठी-तेलुगू मिसळून बोलणारे आमचे थोरले पंच, चादरी विणून विणून एका बाजूला वाकलेले. म्हणाले, "बाई, ऐका की वो. मला ते मिलोची भाकर पचत नाही. पोटात दगड होतंय बघा."

"मग अण्णा, पहिली पाळी तुमचीच."

सगळे हसले आणि तुमचं म्हणणं मंजूर झालं. मी हसलो नाही. तुम्ही माझ्याकडे वळलात. "आणि बी.ए. साहेब, तुमची पाळी नाही. तुम्ही राहायलाच जायचं. मास्तरांचा हात प्लास्टरात आहे, शाळा बंद पडलीय. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

त्यावेळी सोलापुरातल्या एका हायस्कुलात माझी मुलाखत झाली होती आणि उत्तराची वाट बघत होतो. तरी गेलो, कारण तुम्हाला नाही म्हणायची सवय मला नव्हती. तुम्ही खोटं बोललात असं मला एकदाच आठवतं, ते त्या सहा आठवड्यांबद्दल.

तिसऱ्या रविवारी सायलूअण्णा, त्यांच्या बायको, आणखी एक कुटुंब आणि तुम्ही असे वाडीला आलात. सगळे मागे दाराशी बसलात. सतरंजी मोकळी राहिली. वाडीचे लोक आले, सतरंजीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी पुढं होईना. शांतवन मास्तर गळ्यात हात अडकवून खाली बघत होते. सगळ्यांना वाटत होतं, सोलापूरची माणसं आता सुरू करतील. फाटक्या पत्र्यातनं वारा शिरत होता. मला राहवेना. एक गीत घशाशी आलं होतं, मी उठायला गेलो आणि तुम्ही मागून माझ्या सदऱ्याचं टोक धरलंत. सोडलं नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी मास्तर तिथूनच म्हणाले, "देवा, आमी आलोय. दोन माणसं कमी हायेत, एक तुझ्याकडं आलाय आन एक भिऊन भावाकडं गेलाय. बाकीचे हाय. आमेन." संपली उपासना.

मग जेवण. सोनाबाईंच्या दारात पंगत बसली. मिलोची लाल भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सायलूअण्णांनी घास तोंडात घातला आणि चावत राहिले. चावतच राहिले. याकोबा गेल्यापासून सोनाबाई कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्या तव्यावरनं वळून बघत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, ती चावायची न्हाय वो. पान्याच्या घोटासंगं गिळायची. चावली की वैरन खाल्ल्यावानी वाटती."

"आधी सांगायचं की!" अण्णा तोंड भरून म्हणाले.

"आदी सांगितलं आस्तं तर तुमी आलाच नसता."

पहिल्यांदा ती माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. दुसरी भाकरी मागितलीत. दुष्काळात, त्या घरात, तुम्ही दुसरी भाकरी मागितलीत आणि सोनाबाईंनी ती वाढताना पाठ सरळ केली. ते मी या वेळी बघितलं.

पुढचे रविवार असेच गेले. सोलापूरकर काही एकदम सुधारले नाहीत. एका घरानं पिशवीच्या तळाशी लाडू लपवून आणले, तर सोनाबाईंनी ते त्यांच्याच पिशवीत परत घातले. "पावन्यानं पावन्यासारकं ऱ्हावावं. आमच्या चुलीला नावं ठेवताय व्हय?" दुसरे एक गृहस्थ उपासनेत भिंतीजवळ बसून इतक्या जोरात आमेन म्हणायचे की मास्तर दचकायचे. पण पाळी मोडली नाही. ज्या रविवारी पुढची गाडी चुकली त्या रविवारी एक जोडपं सांगोल्याहून चालत आलं.

सहाव्या की सातव्या रविवारी सोनाबाईंनी बसल्या जागेवरून एक गीत धरलं. आपल्याकडचंच गीत, पण चाल निराळी, जात्यावरच्या ओवीसारखी ओढत नेलेली, ताल दोन ठिकाणी चुकलेला. वाडीचे सगळे त्यात शिरले. मी चाल दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही त्या दिवशी नव्हता, तरी मला सदरा मागून ओढल्यासारखा वाटला आणि मी तोंड मिटलं. मग त्यांच्याच चालीत गायलो. आज मला मूळ चाल नीट आठवत नाही.

आणि विहिरीचं. रहाट पुन्हा बसवल्यावर वाडीच्या लोकांत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, आवाराला काटे लावायचे, गावाला पाणी बंद. मी तुम्हाला पत्रानं विचारलं, काय सांगू? तुमचं उत्तर आलं, तू काहीही सांगू नकोस. मला ते पटलं नाही. शिकलेला माणूस म्हणून मला काहीतरी सांगायचं होतं. पण काही दिवसांनी गावातली एक बाई रिकामी घागर घेऊन बाभळीपाशी येऊन उभी राहिली. पुढं यायची हिंमत नव्हती. तिचा दीर त्या वीसांतला होता. सोनाबाई पाणी ओढत होत्या. त्यांनी तिला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. आपल्या दोन घागरी भरल्या. मग दोर रहाटावर तसाच सोडला आणि ओरडल्या, "वढ की आता! का मीच भरून देऊ? पानी काय मी घरनं आनलंय व्हय?" आणि घागरी घेऊन तिच्याकडे न बघता निघून गेल्या.

काटे लावले नाहीत. कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मात्र याच सोनाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि एकेकाचं नाव सांगितलं. पाणी वेगळं आणि साक्ष वेगळी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता आपला राहिलेला वाद. तो मिटला नाही आणि मी तो मिटला असं दाखवणार नाही. एकदा तुम्हाला फाट्यापर्यंत सोडायला येताना मी विचारलं होतं, "बाई, उद्या पुन्हा काठ्या आल्या तर? सायलूअण्णा मागे बसून काय करणार? आणखी एखादा याकोबा गेला तर त्याचं उत्तर कोण देणार, तुम्ही?" तुम्ही चालायच्या थांबलात. रस्त्यात उभ्या राहिलात. मग कानडीत काहीतरी म्हणालात, माझ्याशी नव्हे, आणि पुन्हा चालू लागलात. रागाचं नव्हतं ते. मी अर्थ विचारला नाही. विचारायला हवा होता. तुमच्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं आणि तरी तुम्ही पाळी लावत होतात, हे मला आज कळतं, आणि त्यामुळे तुमच्याबद्दलचा आदर कमी होत नाही, वाढतो.

आणखी एक. तुमच्या नकळत मी शांतवन मास्तरांना तो तक्ता दाखवला होता. त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हननं हाय?" मी म्हणालो, सोलापूरला जा. तुम्ही ज्याच्या विरुद्ध होतात तेच मी तुमच्या माणसांच्या कानात सांगितलं. दोन दिवसांनी मास्तरांनी तक्ता घडी करून परत दिला. म्हणाले, "समद्यांना इचारलं. जायाचं न्हाय म्हनत्यात. सोनाबाई तर म्हनली, धनी हितं पुरलाय, मी कुटं जाऊ?" तुम्हाला हे कुणी सांगितलं असलं तरी तुम्ही मला कधी दाखवलं नाहीत. सांगितलं नसेल तर आज माझ्याकडून ऐका. मी अजूनही म्हणतो की तक्ता चुकीचा नव्हता. विचारायची वेळ आणि विचारणारा चुकीचा होता.

सहा आठवड्यांची सहा वर्षं झाली. मी वाडीतच आहे. शाळा आता सातवीपर्यंत आहे आणि गावातली मुलंही येतात, त्या बाभळीपाशी थांबलेल्या बाईचा मुलगा धरून. त्याचं गणित कच्चं आहे. मुलांना अर्ज लिहायला मी शिकवतो, तुमच्यासारखेच फाडतो. मेंढरांमागं चालणाऱ्या घरातून आलेल्या मला खुर्चीत बसवायचं सोडून तुम्ही जमिनीवर, माणसांच्या मागे बसायला शिकवलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. प्रत्यक्ष मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "कार्यक्रम संपला का?"

परवा पंचांनी तुमच्या नावाची संगमरवरी पाटी चर्चच्या भिंतीत बसवायचं काढलं. मी उठून विरोध केला, आणि या वेळी कान गरम झाले नाहीत. मी म्हणालो, पाटी नको, रीत लिहून ठेवा. कुठल्याही बहीण-मंडळीवर हात पडला तर पहिल्या रविवारी कडू घास घेऊन सगळ्यांनी जायचं. दुसऱ्या रविवारपासून पाळी. पेटी घरी. पुढं बसायचं नाही. आणि तिथली माणसं जा म्हणतील तोवर जात राहायचं, त्याआधी कंटाळायचं नाही. हा ठराव होईपर्यंत मी बैठकीतून उठणार नाही, दारात बसेन. सायलूअण्णांनी अनुमोदन दिलं. ठराव झाला. सही करताना पाळकसाहेबांनी विचारलं, "जा म्हणतील तोवर म्हणजे? असं कुणी म्हणतं का?"

म्हणतात. पाळी सुरू होऊन वर्ष व्हायच्या सुमाराला मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं. मी पत्र आधी कच्चं लिहून काढतो, म्हणून मजकूर माझ्यापाशी राहिला. त्याला तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत. पुढच्या रविवारी वाडीला सोलापूरचं कुणीही उतरलं नाही, तेव्हा पत्र पोचलं हे मला कळलं. ते इथं उतरवतो.

*

तीर्थरूप रिबकाबाईंना दानियलचा सलाम.

काल आपल्याकडची दोन्ही घरं उशिरा पोचली. गाडी वाटेत बंद पडली होती. ती आली तेव्हा उपासना संपून माणसं बाहेर पडत होती. पाहुण्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी विचारलं, आमच्यासाठी थांबला नाहीत? शांतवन मास्तर म्हणाले, थांबायचं ध्यानातच आलं न्हाय. ते खरं आहे बाई, मी तिथं होतो. माझ्याही ध्यानात आलं नाही. सतरंजी पुढून मागपर्यंत भरली होती. भावाकडे गेलेला माणूसही परत आला आहे.

पाहुणे गेल्यावर अकरा घरांची माणसं विहिरीपाशी बसली आणि मला बोलावून घेतलं. तुम्हाला निरोप लिहायला सांगितला. तो ऐकून मी म्हणालो, असं कसं लिहू, सोलापूरच्या लोकांना वाईट वाटेल. सोनाबाई म्हणाल्या, "वाटू द्या की. आमाला न्हाय वाटलं वर्सभर? लिवा मास्तर, उगं घोळवू नगा." म्हणून सोनाबाईंच्याच शब्दांत लिहितो, माझं काही घातलेलं नाही.

हायस्कुलाचं नेमणुकीचं पत्र मागेच आलं होतं. मी येत नाही असं कळवलं. कारण लिहिलेलं नाही.

निरोप असा:

"बाईला सलाम सांगा. म्हनावं, तुमची मानसं लई चांगली हायती, पर आता पाळी लावू नगा. आमी हाय हितं. आमचं आमी चालवतो. दर आयतवारी कुनीतरी येनार म्हनून ध्यान रस्त्याकडं ऱ्हातंय, ते आता नगं. आन रूथचं, माज्या लेकीचं, लगीन ठरलंय. धन्याचं वरीस झालं की करायचंय. तवा या. दोन घरं न्हाय, समदी या. लग्नाला काय कुनी पाळीनं येतंय व्हय?"

आपला,
दानियल